कॅमेरा प्रोफाइलसाठी कलर चार्टचा फोटो: उजेड कसा लावावा, चार्ट कसा टिपावा

कॅमेऱ्याचे प्रोफाइल बनवणारे सॉफ्टवेअर मुळात एकच काम करते. चार्टवरच्या प्रत्येक पॅचचा (रंगीत चौकोनाचा) मोजून ठेवलेला खरा रंग त्याच्याकडे असतो. त्याच पॅचसाठी कॅमेऱ्याने लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये काय आकडे नोंदवले, ते रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीतून, कळते. या दोहोंतला फरक भरून काढणारे गणित म्हणजे प्रोफाइल. हे गणित एक गोष्ट धरून चालते: सगळ्या पॅचवर सारखाच उजेड पडला आहे आणि लेन्समध्ये आलेला प्रकाश फक्त त्या पॅचच्या रंगावरून परतलेला आहे. चार्टच्या उजव्या बाजूला उजेड कमी पडला, तर तो दिव्याचा दोष आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. हा कॅमेरा तिकडचे रंग गडद टिपतो असे समजून ते त्यावर दुरुस्ती बसवते, आणि ती दुरुस्ती पुढे तुमच्या प्रत्येक फोटोला लागते. म्हणून या कामातला बहुतेक वेळ उजेडावर घालवा. सॉफ्टवेअरचा भाग काही मिनिटांत उरकतो.

चार्ट

सुरुवातीला २४ पॅचचा कलरचेकर पुरेसा आहे. १९७६ साली आलेल्या या चार्टमध्ये त्वचा, पाने, आकाश यांच्या जवळचे रंग, काही गडद शुद्ध रंग आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा करड्या छटा आहेत. त्याचा पृष्ठभाग मॅट असतो, आणि हा गुण पॅचच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. १४० पॅचच्या एसजी चार्टमध्ये जास्त गडद रंग मिळतात, पण तो अर्धचकाकीचा असल्यामुळे त्याला उजेड लावणे बरेच अवघड. त्याच्या चारही कडांना पांढरे, करडे आणि काळे पॅच पुन्हा पुन्हा येतात. उजेड सारखा आहे का हे त्याच फोटोत तपासायला ते फार उपयोगी पडतात. फोटो कागदावर छापलेले आयटी८ चार्ट स्कॅनरसाठी ठीक आहेत. त्यांतले सगळे रंग मोजक्या तीन रंजकांतूनच तयार होतात, त्यामुळे खऱ्या जगातल्या वस्तूंबद्दल ते कॅमेऱ्याला फारसे शिकवू शकत नाहीत.

चार्ट कधी बनला ते पाहा. नोव्हेंबर २०१४ पासून कलरचेकरच्या रंगमिश्रणात बदल झाला, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या चार्टची संदर्भमूल्ये वेगळी आहेत. सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा संच निवडला, तर बाकी सगळे नीट करूनही थोडी चूक उरतेच. पॅचला बोट लावू नका, चार्ट उन्हात पडू देऊ नका, काम झाले की बंद करून ठेवा. स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजण्याचे यंत्र) हाताशी असेल तर आपला चार्ट स्वतः मोजून तीच मूल्ये वापरणे सर्वांत चांगले.

कोणत्या उजेडात

कॅमेऱ्याचा सेन्सर माणसाच्या डोळ्यासारखा रंग पाहत नाही. डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग त्याला वेगळे दिसू शकतात, आणि हा फरक उजेडाच्या वर्णपटाप्रमाणे बदलतो. म्हणून एका उजेडात बनवलेले प्रोफाइल दुसऱ्या उजेडात तितके बरोबर बसत नाही. चित्रे किंवा कापड टिपण्यासाठी ठरलेला स्टुडिओ असेल, तर प्रोफाइल त्याच दिव्यांत बनवा. सर्वसाधारण वापरासाठी दोन उजेड घ्या: भर दिवसाचे स्वच्छ ऊन आणि हॅलोजन दिवा. अॅडोबीच्या डीसीपी प्रकारच्या प्रोफाइलमध्ये दोन्ही उजेडांचे रंगदुरुस्तीचे तक्ते एकत्र ठेवता येतात, एक सुमारे २८५० केल्व्हिनसाठी आणि एक ६५०० केल्व्हिनसाठी. फोटो कोणत्या उजेडात काढला ते पाहून सॉफ्टवेअर मधले प्रमाण ठरवते.

ऊन, हॅलोजन आणि स्टुडिओचा झेनॉन फ्लॅश यांचा वर्णपट सलग असतो. पांढऱ्या एलईडीचा तसा नसतो: ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचे उंच टोक आणि त्याच्या पुढे, ४८० च्या आसपास, खोल खड्डा. डब्यावरचा सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो याचा आकडा) ९५ पाहून निश्चिंत होऊ नका. तो आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल रंग त्यात धरलेलाच नसतो. नेहमीचे काम एलईडीखाली होत असेल तर त्याच एलईडीसाठी वेगळे प्रोफाइल बनवा, मात्र ते इतर उजेडांत वापरू नका. वेगवेगळे उजेड एकत्र येऊ देणे सर्वांत वाईट. खिडकीवर पडदा टाका, छताचे दिवे बंद करा, लॅपटॉपचा स्क्रीनही दुसरीकडे वळवा.

हॅलोजन पेटवल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि डिमर पूर्ण उघडा ठेवा. मंद केला की त्याचा रंग तांबूस होतो. फ्लॅशची शक्ती एकदा ठरवली की बदलू नका, कारण शक्तीबरोबर रंगही किंचित सरकतो. दर वेळी तो पूर्ण चार्ज होऊ द्या.

दिवे मांडणे

चार्ट भिंतीवर किंवा स्टँडवर उभा आणि सपाट लावा. कॅमेरा त्याच्या बरोबर समोर, सेन्सर चार्टला समांतर. दिवे चार्टच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर. इथपर्यंत सगळे सांगतात. उजेड किती बदलतो याचा अंदाज मात्र बहुतेकांना नसतो.

मोठ्या कलरचेकरची रुंदी सुमारे २८ सेंटिमीटर. एकच उघडा दिवा ४५ अंशांवर दोन मीटर अंतरावर ठेवला, तर त्याच्याकडची कड दूरच्या कडेपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त उजळते. अंतराचा परिणाम आणि तिरप्या पडणाऱ्या किरणांचा परिणाम एकावर एक चढतात, म्हणून फरक एवढा मोठा. डोळा तो जवळजवळ लपवून टाकतो. दिवा चार मीटरवर नेला तरी १६ टक्के फरक उरतोच. दुसऱ्या बाजूला तसाच दिवा तितक्याच अंतरावर लावला की दोघांचे उतार एकमेकांना छेदतात आणि मधला भाग व कडा यांत एखाद्या टक्क्याचा फरक राहतो. लहान घडीचा चार्ट वापरला तर हा त्रास आपोआप बराच कमी होतो.

दोन दिव्यांची अडचण वेगळी आहे: त्यांचा रंग एक असेलच असे नाही. तपासणी सोपी आहे. चार्टच्या जागी साधा मॅट करडा किंवा पांढरा कागद लावा. आधी एक दिवा झाकून फोटो घ्या, मग दुसरा झाकून. दोन्ही रॉ फाइलींच्या मध्यभागी लाल भागिले हिरवा आणि निळा भागिले हिरवा ही गुणोत्तरे काढा. फरक एक टक्क्याहून जास्त असेल तर दिवे किंवा त्यांच्यावरचे कापड जुळवून घ्या. एक जुना आणि एक नवा सॉफ्टबॉक्स कधीच जोडीने लावू नका. जुन्याचे कापड पिवळे पडलेले असते. रंग जुळतच नसतील तर एकच दिवा शक्य तेवढा लांब ठेवा आणि खाली दिलेली फ्लॅट-फील्ड पद्धत वापरा.

दिव्यांचा समतोल ढोबळपणे पाहायला चार्टच्या मध्यावर पेन्सिल काटकोनात उभी धरा. दोन्हीकडच्या सावल्या सारख्या लांब आणि सारख्या गडद दिसल्या पाहिजेत. मग तोच कोरा कागद लावून, दोन्ही दिवे चालू ठेवून फोटो घ्या आणि मध्यावरचे व चारही कोपऱ्यांवरचे हिरव्या चॅनेलचे आकडे वाचा. दोन टक्क्यांच्या आत फरक असेल तर उत्तम, पाच टक्क्यांपर्यंत दुरुस्ती करून चालते, त्यापुढे दिवे हलवा. फक्त लाइट मीटरवर भागवू नका. त्याचा सर्वांत लहान टप्पा बहुधा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) दहावा भाग असतो, म्हणजेच सुमारे ७ टक्के.

फ्लॅट-फील्ड म्हणजे दिवे, कॅमेरा, लेन्स, फोकस, अॅपर्चर यांपैकी काहीही न हलवता चार्टच्या जागी कोरा कागद ठेवून घेतलेला दुसरा फोटो. चार्टच्या फोटोला या फोटोने भागले की दिव्यांचा उतार आणि लेन्सच्या कडांचा अंधार दोन्ही निघून जातात. डीकॅमप्रॉफ या प्रोफाइल बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये याची सोय आहे. कागद मॅट हवा, चार्टपेक्षा मोठा हवा आणि चार्टच्याच प्रतलात हवा. दोन-तीन सेंटिमीटर पुढे आला तरी जवळच्या दिव्यांच्या बाबतीत फरक पडतो. दुरुस्तीची सोय नसेल तर चार्ट १८० अंशांत उलटा करून आणखी एक फोटो घ्या आणि प्रत्येक पॅचच्या दोन आकड्यांची सरासरी धरा. उतार बराचसा नाहीसा होतो.

चकाकी आणि भटका उजेड

प्रोफाइल सर्वांत जास्त इथे बिघडते, आणि फोटो पाहून ते समजत नाही. काळा पॅच सुमारे ३ टक्के उजेड परत पाठवतो. त्यावर समोरच्या भिंतीची झाक पडून दीड टक्का भर पडली, तर पांढऱ्या पॅचला ती जाणवणारही नाही, पण काळा पॅच मात्र दीडपट उजळ होतो. गडद निळा, जांभळा आणि गडद हिरवा यांचेही तसेच होते. मग सॉफ्टवेअरला वाटते की हा कॅमेरा गडद रंग फिके टिपतो, आणि ते रंग जास्त भडक करणारे प्रोफाइल हाती येते. सावल्यांत भडक रंग आणि आकाशाला जांभळट छटा दिसू लागली, तर पहिला संशय चकाकीवर घ्या.

चार्टच्या जागी सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. आरशात जे दिसते, तेच चार्टच्या पृष्ठभागावर चमकणार आहे. तिथे लेन्स आणि तिच्याभोवती अंधार दिसला पाहिजे. दिवा, पांढरी भिंत, खिडकी किंवा तुमचा पांढरा शर्ट दिसत असेल तर ती वस्तू हलवा किंवा काळ्या कापडाने झाका. कॅमेऱ्याच्या मागे काळा पडदा लावणे आणि स्वतः काळे कपडे घालणे हा अर्धचकाकीच्या चार्टसाठी अतिरेक नाही, ती गरज आहे. रंगीत भिंतींपासून दूर राहा. त्यांचा परतलेला उजेड चार्टच्या एकाच बाजूला रंग चढवतो.

दुसरा भटका उजेड लेन्सच्या आत तयार होतो. चार्टभोवती पांढरी भिंत असेल तर तिचा प्रकाश लेन्समध्ये पसरून काळ्या पॅचवर येऊन पडतो. चार्टच्या मागे मॅट काळे कापड लावा. लेन्स पुसून घ्या, यूव्ही फिल्टर काढा, हूड लावा, आणि दिव्यांचा थेट प्रकाश लेन्सच्या काचेवर पडत नाही याची खात्री करा.

दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर लावून चकाकी पूर्ण मारण्याचा मोह होतो. नेहमीचे काम तसेच करत असाल तरच ते करा. चार्टची संदर्भमूल्ये सहसा पोलरायझरशिवाय मोजलेली असतात. पोलरायझरमधून पॅच त्याहून गडद आणि जास्त रंगीत दिसतात, त्यामुळे तुलनाच चुकते.

उन्हात काम करताना दिव्यांच्या उताराची काळजी मिटते, सूर्य एवढा दूर आहे की चार्टच्या दोन कडांत फरक पडतच नाही. मोकळी जागा, निरभ्र आकाश, वर आलेला सूर्य एवढे हवे. चार्ट असा वळवा की ऊन त्यावर ४५ अंशांच्या आसपास पडेल, आणि आरशाची तपासणी इथेही करा, कारण कॅमेऱ्यामागचे उजळ आकाश चार्टवर उमटू शकते. हिरवळीवर उभे राहू नका. तिचा हिरवा उजेड खालच्या रांगेवर चढतो, आणि कलरचेकरची खालची रांगच करड्या छटांची असते. पातळ ढग सरकत असतील तर तो दिवस सोडून द्या.

कॅमेरा

पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. चार्ट फ्रेमच्या मधल्या एक तृतीयांश रुंदीत बसवा. कडांचा अंधार तिथपर्यंत फारसा पोचत नाही. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढ्यातही एका पॅचला सुमारे ३०० पिक्सेल रुंदी मिळते, आणि पॅचची सरासरी काढायला ती भरपूर आहे. अॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८, आयएसओ कॅमेऱ्याचा मूळ, म्हणजे बहुधा १००, आणि एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल. फाइल रॉ, शक्यतो माहिती न गाळता दाबलेली (लॉसलेस). सावल्या उचलणारी आणि उजळ भाग वाचवणारी सगळी आपोआप चालणारी साधने बंद करा. काही कॅमेऱ्यांत ती एक्स्पोजरच बदलतात. वीजपुरवठ्याबरोबर लुकलुकणारे दिवे असतील तर शटर १/१० सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा. फोकस अगदी टोकदार नसला तरी चालतो; पॅचच्या पृष्ठभागाचा पोत दिसण्याची इथे गरज नाही.

एक्स्पोजर कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामवरून ठरवू नका, तो जेपेगचा असतो. चार्टच्या जागी १८ टक्के करडे कार्ड धरून मोजा आणि तिथून सुरुवात करा. काळ्या कापडावरचा चार्ट थेट मोजला तर मीटर फसतो आणि पांढरा पॅच जळतो, म्हणजे त्याचा आकडा कमाल मर्यादेला जाऊन अडकतो. मग एक तृतीयांश स्टॉपच्या टप्प्यांनी दोन वर, दोन खाली असे पाच फोटो घ्या. कोणता ठेवायचा ते रॉडिगरसारख्या, रॉ फाइलमधले आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहून ठरवा. पांढऱ्या पॅचचा सर्वांत उंच चॅनेल, उन्हात बहुतेकदा हिरवा आणि हॅलोजनखाली कधी लाल, सेन्सरच्या कमाल मर्यादेपासून एक तृतीयांश ते एक स्टॉप खाली हवा. १४ बिटची कमाल मर्यादा १६,३८३ आणि काळ्याची पातळी (पूर्ण अंधारातही सेन्सर देतो तो आकडा) ५१२ असेल, तर तो आकडा साधारण ८,५०० ते १३,००० मध्ये येतो.

आता करड्या रांगेचा हिशेब करा, तो चुकवू नका. प्रत्येक पॅचच्या हिरव्या आकड्यातून काळ्याची पातळी वजा करा. छटांची परावर्तकता साधारण ९०, ५९, ३६, १९, ९ आणि ३ टक्के असते. पांढरा पॅच चौथ्या पॅचच्या साडेचार ते पाच पट आला पाहिजे आणि काळ्याच्या सुमारे २८ पट. ही पट २५ च्या खाली गेली तर चकाकी शोधा. २० वर आली तर दीड टक्का भटका उजेड आत आला आहे, फोटो पुन्हा काढा. पांढरा आणि त्याच्या शेजारचा यांचे प्रमाण साधारण दीडपटीपेक्षा बरेच कमी भरले, तर पांढरा पॅच जळला आहे.

प्रोफाइल बनवताना

रॉ फाइल डीएनजी या रॉच्याच प्रकारात बदलून अॅडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये उघडा, चार रंगीत वर्तुळे चार कोपऱ्यांच्या पॅचवर नेऊन ठेवा, उजेडाचा प्रकार निवडा, तक्ता तयार होतो. आर्गाइल या प्रोग्राममधून आयसीसी हे दुसऱ्या प्रकारचे प्रोफाइल काढायचे असेल तर त्याला १६ बिटची सरळ रेषेतली (लिनियर, म्हणजे उजळपणाचे आकडे वक्राने न बदललेली) टिफ द्या. टोन कर्व्ह, शार्पनिंग, लेन्सच्या दुरुस्त्या काहीही लावू नका. पांढऱ्याचा तोल पांढऱ्या पॅचवर न घेता त्याच्या शेजारच्या फिक्या करड्यावर घ्या, कारण जळण्याच्या सर्वांत जवळ पांढराच असतो. वाचनाचे चौकोन पॅचच्या मधल्या अर्ध्या भागातच राहू द्या.

२४ पॅचवर साधे मॅट्रिक्स प्रोफाइल (सगळ्या रंगांना एकच सूत्र लावणारे) बनवा. सरासरी फरक डेल्टा ई २००० (दोन रंगांतल्या फरकाचे माप) मध्ये १ ते २ च्या आसपास आला तर काम चांगले झाले. तक्ता वापरणाऱ्या प्रोफाइलमध्ये हाच आकडा शून्याकडे नेता येतो, पण २४ बिंदूंवर बसवलेल्या तक्त्याची परीक्षा त्याच २४ बिंदूंवर घेण्याला अर्थ नाही. परीक्षा दुसऱ्या चार्टवर घ्या.

चुकांचा नकाशा पाहिला की कारण बहुधा दिसते. एकाच बाजूच्या रांगेत चुका मोठ्या असतील तर उजेडाचा उतार. सगळ्या गडद पॅचमध्ये असतील तर चकाकी. फक्त पांढऱ्यात किंवा पिवळ्यात असेल तर एखादा चॅनेल जळला आहे. करड्या रांगेत रंगाची झाक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत असेल तर दोन दिव्यांचे रंग जुळत नाहीत किंवा एखादी रंगीत भिंत जवळ आहे. निळा, जांभळा आणि निळसर हिरवा एवढेच बिघडले असतील आणि दिवा एलईडी असेल, तर दिवा बदलून पाहा. सगळ्याच पॅचमध्ये थोडी थोडी चूक असेल तर संदर्भमूल्यांचा संच तपासा.

शेवटी चार्टमध्ये नसलेल्या गोष्टींचे फोटो घ्या: गडद निळी फुले, रंगीत दिवे, त्वचा, मावळतीच्या आकाशातली रंगांची चढण. रंगांचे पट्टे तुटक दिसले किंवा निळ्यात जांभळा उसळला, तर तक्त्याऐवजी मॅट्रिक्स वापरा.